कोऱ्या बाटलीची काळजी

शुक्रवारी सकाळी बाईंनी प्रयोगशाळेतलं आपलं टेबल आवरायला घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला होता, की दारातून डोकावणारे दोन सहकारी 'नंतर येतो' म्हणत आल्या पावली परत गेले. दुपारी बारा वाजता भट्टी उघडून तिचे भाग सुटे करायचे, असा आदेश मोठ्या साहेबांनी काढला होता. भट्टी म्हणजे मनगटाएवढी जाड एक पोलादी नळी. पण बाईंचा त्या नळीवर इतका जीव होता, की घरी नवरा म्हणायचा, "दुसरं बाळ झालं असतं तरी तू इतके लाड केले नसतेस!"

नळीत काळ्या गोळ्या भरलेल्या होत्या, तांबं आणि जस्त यांच्या. शेजारच्या काच कारखान्याच्या धुराड्यातून पकडून आणलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातून सुटा केलेला हायड्रोजन, दोन्ही वायू दाबाखाली त्या तापल्या गोळ्यांवरून न्यायचे. एरवी हे दोघे एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. या गोळ्या त्यांचं जुळवून देतात आणि स्वतः नामानिराळ्या राहतात. म्हणून तर त्यांना उत्प्रेरक म्हणायचं. जुळलं, की पलीकडच्या टाकीत पाण्याबरोबर थेंबथेंब मिथेनॉल साचतं. ते जाळता येतं, त्याच्यापासून रंग, गोंद, प्लॅस्टिक, काय हवं ते करता येतं. बाईंच्या सासूबाई तर ओळखीपाळखीत सांगत फिरायच्या, "आमची सून धुराचं इंधन करते."

फक्त ते होत नव्हतं. तीन महिने झाले, गोळ्या चार वेळा बदलल्या, तरी टाकीतल्या द्रवात मिथेनॉल किती ते मोजणाऱ्या यंत्रावर आकडा यायचा शून्य. फार तर शून्याच्या आसपास घुटमळायचा. साहेबांनी शेवटी हात टेकले, आणि खरं सांगायचं तर बाईंनीही.

एका खोक्यात त्या वह्या भरत होत्या. फडताळावर कोरी बाटली दिसली. प्रत्येक तपासणीच्या वेळी या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरून यंत्राला आधी ते दाखवायचं. त्यातून जे काही निघेल ते खऱ्या नमुन्यातून वजा करायचं, म्हणजे बाटलीचा दोष कामाच्या माथी बसत नाही. वजाबाकी यंत्रच करायचं. आठवण म्हणून न्यावी, असं मनात येऊन बाईंनी बाटली उचलली, आणि सहज बूच काढलं.

नाकाला स्पिरिटसारखा वास आला.

बाईंनी पुन्हा नाक जवळ नेलं. वास होताच. त्या तशाच धुण्याच्या जागेकडे धावल्या. तिथे हातमोजे घालून मावशी काचसामान धूत उभ्या होत्या. मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या कर्मचारी. साहेब नोकरीला लागले तेव्हाही त्या इथेच बाटल्या धूत होत्या.

"मावशी, ही बाटली कशानं धुता?"

"का हो? डाग राहिला का?" मावशींनी नळ बंद केला. "आधी साबण, मग साधं पाणी, मग तुमचं ते चांगलं पाणी. आणि शेवटी त्या निळ्या झाकणाच्या डब्यातलं स्पिरिट फिरवते. लगेच सुकते."

निळ्या झाकणाचा डबा. यंत्राला मिथेनॉलची ओळख पटवून द्यायला ठेवलेलं, शंभर नंबरी मिथेनॉल!

"कधीपासून?"

"तुम्ही ओरडलात ना त्या दिवशी, बाटल्या ओल्या येतात म्हणून. तेव्हापासून. तीन महिने झाले की." मावशी अंमळ अभिमानानं पुढे म्हणाल्या, "बाकीच्या बाटल्या एकदाच खळबळते आणि रात्रभर उघड्या ठेवते. पण ही सगळ्यात महत्त्वाची, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून हिला दोनदा, आणि धूळ बसू नये म्हणून लगेच बूच."

बाईंना हसावं की रडावं कळेना. बाकीच्या बाटल्यांतलं मिथेनॉल रात्रीत उडून जात होतं, आणि कोऱ्या बाटलीतलं बुचाखाली कोंडून राहत होतं. भट्टी जेवढं बनवत होती तेवढं यंत्र इमानेइतबारे वजा करत होतं. आणि कोऱ्या बाटलीचा आकडा तीन महिन्यांत कुणीही उघडून पाहिला नव्हता, बाईंनीसुद्धा नाही. ओरडायला मात्र वेळ होता! स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला.

"पण हे सगळं अजून माझ्या डोक्यातच आहे," त्या पुटपुटल्या. "मावशी, दोन नव्या बाटल्या. नुसत्या पाण्यानं धुवा आणि गरम कपाटात सुकवा."

बारा वाजता साहेब आले, मागून पाना घेतलेला फिटर. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं.

"तीन महिने शून्य," साहेब म्हणाले, "आणि आज अचानक चमत्कार?"

"चमत्कार नाही, साहेब. कालचा द्रव टाकीत तसाच आहे. अर्धा तास द्या. शून्य आलं, तर पहिला नट मी स्वतः सोडवीन."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्ची ओढली. फिटर दाराच्या चौकटीला टेकला.

मावशींनी दोन्ही नव्या बाटल्या आणल्या, कोरी म्हणून वापरायची ती शुद्ध पाण्यानं भरून. आपल्या हातून काय झालंय ते त्यांना एव्हाना उमगलं होतं. यंत्र सुरू झालं. पडद्यावरची रेघ सरळ, सपाट. कोरी बाटली खरोखर कोरी. मग टाकीतला द्रव. पहिली सात मिनिटं काहीच नाही. बाई घड्याळावरून मिनिटं मोजत राहिल्या. इतके दिवस लोकांना सांगितलं, सासूबाईंना मान वर करून बोलू दिलं, आणि आता सगळ्यांसमोर तोंडघशी पडायचं? आठव्या मिनिटाला रेघ हलली. वर चढली, आणखी चढली, पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली, आणि बाईंच्या तोंडून चक्क किंकाळी फुटली.

साहेब खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. आकडा त्यांनी दोनदा वाचला. "अहो, हे तर आपण ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त आहे!"

"म्हणजे तीन महिने तुमचं काम मीच पुसत होते," मावशी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "मला काढून टाका, साहेब."

"खबरदार!" बाईंनी त्यांना मिठीच मारली. "चूक माझी. मी ओरडले, आणि मी बघितलं नाही. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत, वर दुप्पट मन लावून. हा आकडा वहीत तुमच्या हातानं लिहायचा."

"माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे हो!"

"कोंबडीच्या पायानं लिहा, पण तुम्हीच लिहा," साहेब म्हणाले, आणि त्या खोलीत त्यांना हसताना पहिल्यांदाच कुणीतरी पाहिलं.

मावशी खाली बसल्या, चष्मा लावला आणि एकेक अंक कोरून काढू लागल्या. आवाज ऐकून सकाळचे ते दोन सहकारी आत घुसले, त्यांच्यामागे आणखी चारजण. कुणाला काही कळत नव्हतं, तरी सगळे टाळ्या वाजवत होते. या गोंधळात भट्टीजवळून फिटरचा वैतागलेला आवाज आला:

"अहो, पण मला कुणीतरी सांगा! वेळ जाऊ नये म्हणून खालच्या चौकटीचे दोन नट मी सैल करून ठेवलेत. आता काय करू?"

"आवळा!" सगळी खोली एका सुरात ओरडली, आणि सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता.