नखभर पुढे

"खरं सांग, माझ्या बायकोला तू कुठलं पेट्रोल घालतोस?"

मिस्त्रीने हे विचारलं तेव्हा पंपवाल्याच्या हातातली नळी एका जीपच्या टाकीत होती. जीपवाल्याने लगेच कान टवकारले.

"साधंच. तुम्हीच सांगून ठेवलंय ना, साधं सोडून काही घालायचं नाही म्हणून."

"ते महागातलं, जास्त ऑक्टेनचं, नाही ना घालत?"

"बाई त्या नळीकडे बघतसुद्धा नाहीत. का? गाडी पळत नाही का?"

"पळते," मिस्त्री खिन्नपणे म्हणाला. "तेच तर."

पंपवाल्याने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. तीस वर्षं लोकांच्या गाड्या पळत्या करून देणारा हा माणूस घरची गाडी पळते म्हणून तक्रार घेऊन आला होता.

"बाकी त्या महागाच्या पेट्रोलात ताकद जास्त असते म्हणतात," जीपवाल्याने उगाच तोंड घातलं.

"ताकद नसते हो त्यात." हा विषय निघाला की मिस्त्री स्वतःचं दुःखसुद्धा बाजूला ठेवायचा. "ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा संयम. इंजिनात दाबलं गेलं, तापलं, तरी ठिणगी पडेपर्यंत गप्प बसायचं, हे ज्याला जमतं ते जास्त ऑक्टेनचं. साधं पेट्रोल उतावळं. फार दाबलं की आपली पाळी यायच्या आधीच भडकतं."

"आमच्या साहेबांसारखं," जीपवाला म्हणाला आणि निघून गेला.

मिस्त्री चालत घरी परतला. पेट्रोलवरचा संशय त्याला स्वतःलाच पटत नव्हता; तोही फिटला, म्हणजे आता दोष द्यायला एकच जण उरला होता, आणि तो स्वतः मिस्त्री होता.

मिस्त्रीची बायको नर्स. तिला सगळे नर्सबाई म्हणत; रागावला की मिस्त्रीही म्हणे. वय बावन्न. नदीपलीकडच्या वाळूच्या टेकड्यांमागे सात वस्त्या होत्या, तिथे लसी टोचायला आणि बाळंतिणी तपासायला ती दर सोमवारी एकटी जायची. त्यासाठी दवाखान्याने एक टू-स्ट्रोक इंजिनाची एटीव्ही दिली होती. मोटारसायकलला चार फुगीर चाकं लावावीत, तसं ते ध्यान. ती वाळूतून टुणटुण उड्या मारत जायची म्हणून मुलांनी तिचं नाव बेडकी ठेवलं होतं, आणि दवाखान्याच्या कागदपत्रांपलीकडे तिला दुसरं नाव उरलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बेडकी उतारावर उलटली. मिस्त्री धावत पोचला तेव्हा गाडीची चाकं आभाळाकडे होती, आणि बाजूला बसून नर्सबाई स्वतःच स्वतःचा हात गळ्यात बांधत होती. खांद्याचं हाड मोडलं होतं. "गाठ जरा घट्ट करा," एवढंच ती म्हणाली. हाड सांधलं तशी ती पुन्हा बेडकीवर बसली. मिस्त्रीचं मात्र त्या दिवशी जे मोडलं ते काही सांधलं गेलं नाही.

'जाऊ नकोस' म्हणायची सोय नव्हती. एक तर तिने ऐकलं नसतं. दुसरं म्हणजे, बायको एकटी सात वस्त्या सांभाळते हे तो स्वतःच चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. तेव्हा त्याने चोरवाट धरली.

इंजिनात ठिणगी पडायची ती पिस्टन अगदी वर पोचायच्या किंचित आधी, कारण आग पसरायलाही वेळ लागतो. ही वेळ मॅग्नेटच्या प्लेटवर ठरते. तिचे दोन स्क्रू सैल करून प्लेट नखभर मागे फिरवली की ठिणगी उशिरा पडते, आणि गाडी पेन्शनीत निघाल्यासारखी चालू लागते. दर रविवारी सर्व्हिसिंगच्या नावाखाली मिस्त्री हेच करी. सोयीसाठी त्याने प्लेटवर त्या मागच्या जागी टोच्याने एक बारीक खूणही ओढून ठेवली होती.

पण पुढच्या रविवारी झाकण काढावं तर प्लेट आपली नखभर पुढे, जिथल्या तिथे. त्याने वायसर बदलले. स्क्रूवर रंगाचा ठिपका दिला. प्लेट पुढेच. ज्याच्या हाताची चार गावं शपथ घेतात, त्याच्या स्वतःच्या घरात स्क्रू ढिले पडत होते, आणि हे तो कोणाला सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुमच्या लक्षात आलंच असेल. मिस्त्रीच्या आलं नव्हतं. सोमवारी सकाळी तो आंघोळीला शिरला की नर्सबाई चष्मा लावायची, स्क्रू सोडायची, प्लेट नखभर पुढे करायची आणि झाकण लावून चहाला बसायची. नवऱ्याच्या शेजारी बसून तीस वर्षं गप्पा मारलेल्या बाईला एवढं येतंच. मिस्त्रीच्या आंघोळीत तीन गाणी असत. तिचं काम दुसऱ्या गाण्यात संपे.

पंपावरून आलेल्या त्या रविवारी मात्र मिस्त्री इरेला पेटला. त्याने स्क्रू असे पिळले की स्क्रू-ड्रायव्हर कुरकुरला. सोमवारी तिसरं गाणं संपलं तरी नर्सबाईला ते हलेनात. शेवटी ती तशीच निघाली. मोठ्या टेकडीच्या अर्ध्यावर बेडकीने दम टाकला. तिला थांबत थांबत, ढकलत वर न्यावं लागलं. वस्तीवर पोचेपर्यंत लेकरांच्या आया वाट बघून कामावर निघून गेल्या होत्या.

"मोठे डॉक्टर बोलले," रात्री जेवताना ती म्हणाली. "पुन्हा उशीर झाला तर वस्त्या दुसऱ्या कोणाला देणार. मला स्टोअरमध्ये बसवतील, कापूस मोजायला."

"बसून काम. वाईट नाही," मिस्त्री ताटाकडे बघत म्हणाला.

 ती भाजी वाढायला उठली आणि भांडं हातात घेऊन ओट्यापाशी उभीच राहिली, पाठमोरी. तीस वर्षांत मिस्त्रीने तिला रडताना दोनदा पाहिलं होतं. हे तिसऱ्यांदा. आणि हे त्याने स्वतःच्या हाताने, स्क्रू पिळून घडवलं होतं. घास गिळताना त्याला स्वतःचीच शरम वाटली.

रविवार उजाडताच त्याने झाकण उघडलं. प्लेट पुढे करून अगदी बरोबर जागी बसवली, स्क्रू हलक्या हाताने आवळले, आणि पुरावा नको म्हणून आपली ती जुनी खूण पॉलिश पेपरने घासून टाकली. मन हलकं झालं. सांगितलं मात्र काहीच नाही. सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं.

सोमवारी तो आंघोळीला गेला. पहिलंच गाणं जरा मोकळ्या आवाजात म्हणाला. इकडे नर्सबाईने चष्मा लावला. या खेपेला स्क्रू चटकन सुटले, तिला बरं वाटलं. खूण दिसत नव्हती, पण खूण हवी होती कोणाला? बाळाच्या डोसची बाटली तीनदा वाचल्याशिवाय सुई न भरणाऱ्या बाईने त्या दिवशी सवयीने प्लेट नखभर पुढे सारली, आणि झाकण लावलं.

बेडकी आयुष्यात पळाली नव्हती अशी पळाली. पण चढावर जोर लागताच आतून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. ठिणगी फार आधी पडत होती, पेट्रोल साधं, उतावळं. ते आपली पाळी यायच्या आधीच भडकून वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात दणके घालत होतं. टेकडीच्या माथ्यावर एक फट् असा आवाज झाला आणि बेडकी कायमची गप्प झाली.

संध्याकाळी एका ट्रॅक्टरने ओढत तिला अंगणात आणून सोडलं. मिस्त्रीने इंजिनावरचं हेड उतरवलं. पिस्टनला मधोमध भोक पडलं होतं. करंगळी जाईल एवढं. त्याने मॅग्नेटचं झाकण काढलं आणि बराच वेळ प्लेटकडे बघत बसला.

"मी तर बरोबर लावली होती," तो स्वतःशीच म्हणाला.

"म्हणजे?" नर्सबाई मागे उभी होती. "काल तुम्ही मागे नाही घेतली?"

 मिस्त्रीने वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या सोमवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसरं काहीतरी बिघडवलं असतं. हे निदान मला दुरुस्त करता येत होतं."

मिस्त्रीने भोकातून करंगळी आरपार घातली आणि बाहेर काढली. "हे दिसतंय तुझं दुरुस्त. आज उशीर झाला असेल. गेल्या ना वस्त्या?"

"इतकी पळाली हो मेली, की बंद पडली तेव्हा आठच वाजले होते. पुढे लसींची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेले. दहाच्या आत पोचले." तिला हसू आलं, मग ते मावळलं. "पण डॉक्टरांनी विचारलं, गाडीचं काय. सोमवारपर्यंत उभी राहिली पाहिजे म्हणाले. नाहीतर स्टोअर."

नवा पिस्टन, नवी रिंग बसून गाडी शुक्रवारीच उभी राहिली. त्या आठवड्यात मिस्त्रीने दुसरं काम हातात घेतलं नाही. एका ट्रकवाल्याला तर त्याने चक्क हाकलून दिलं. रविवारी, ठिणगीची वेळ लावायची तेवढी उरल्यावर, त्याने बायकोला अंगणात हाक मारली. तिच्यासमोर झाकण उघडलं.

"आता तुझ्यादेखत लावतो. अर्धं नख मागे ठेवू?"

"नको."

"पाव?"

"अहो, भाजी घेताय का?"

"इंजिनाला बरं असतं जरा मागे," तो म्हणाला, पण आवाजात मिस्त्रीपण नव्हतं.

नर्सबाई त्याच्याजवळ जमिनीवरच बसली. "एक सांगू? गाडी चढावर रडली की माझा वेळ जायचा. तो मी कुठे भरून काढत असेन? उतारावर. सुसाट सोडायचे. ढकलत नेली त्या सोमवारी तर दोन चाकं उचलली होती."

मिस्त्रीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. तिला जपायला म्हणून त्याने जे केलं होतं, त्यानेच ती पुन्हा उलटता उलटता राहिली होती.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. तीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी बोललं नव्हतं.

"मलाही वाटते. त्या उताराशी दर खेपेला वाटते. पण माझी मी बघते. तुम्ही इंजिन बघा."

त्याने इंजिन बघितलं. प्लेट बरोबर जागी आणली, पुन्हा मोजली, तिला मोजायला लावली. स्क्रू तिने आवळले. मग टोच्या तिच्या हातात देऊन त्याने तिथे नवी खूण ओढायला सांगितली. ती जरा वाकडी आली. मिस्त्रीने कोणाचंही वाकडं काम तसं ठेवलं नसतं, हे ठेवलं.

सोमवारी बेडकी वेळेवर निघाली. मिस्त्री फाटकाशी येऊन उभा राहिला. आवाज नदी ओलांडून गेला, मोठ्या टेकडीला लागला. आता दबेल, मग दबेल, म्हणून तो कान देऊन ऐकत होता. आवाज दबला नाही. एका दमात माथ्यावर चढला, तिथे उताराच्या तोंडाशी हलका झाला आणि सावकाश, अगदी सावकाश पलीकडे उतरत ऐकू येईनासा झाला. त्यानंतरही मिस्त्री बराच वेळ फाटकाशीच होता. डाव्या हाताने त्याने आपला उजवा हात धरून ठेवला होता, रस्त्यावर अवखळ मुलाचा धरावा तसा.