पंखा कुणी मागितला

थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी दफ्तरीला खोकला लागला. लग्नाच्या धावपळीनं लागला असेल, असं बायको म्हणाली. त्याला मात्र खरं कारण ठाऊक होतं. कर्ज, विमा, ठेवी असलं सगळं करणाऱ्या एका भल्यामोठ्या कंपनीच्या तळघरात तो एकटा फायली सांभाळायचा. वर काचेचे सहा मजले, खाली लोखंडी रॅक, एक ट्यूबलाइट आणि वीस वर्षांची धूळ. खिडकी औषधालाही नाही.

त्या वर्षी साहेबांनी नवीनच टूम काढली. प्रत्येकाच्या हाती एक कागद दिला. इथे काम करतानाचा अनुभव लिहा, नाव घालू नका, मोकळेपणानं लिहा.

दफ्तरीनं कागद आधी उलटा केला. फायलींत जन्म गेलेला माणूस तो, आधी पाठ बघायचा. मागच्या कोपऱ्यात मुंगीएवढा छापील आकडा होता, नऊ.

"भाऊ, तुमचा कागद बघू," जेवणाच्या सुट्टीत तो साडूला म्हणाला. साडू दुसऱ्या मजल्यावर विम्याचे दावे तपासायचा. दफ्तरीला इथे चिकटवला तोही त्यानंच.

साडूच्या कागदामागे चार होता.

"बघा! नाव नको म्हणतात आणि पाठीवर नंबर मारून ठेवतात."

"तुला ना, सावलीतसुद्धा साप दिसतो," साडू हसला. "अरे, 'सगळं उत्तम' लिही आणि मोकळा हो. लेकीचं लग्न आत्ताच झालंय, धाकटी अजून शिकतेय. नोकरीशी खेळू नकोस."

साडू हात धुवायला गेला. दोन्ही कागद टेबलावर कोरेच पडले होते. दफ्तरीनं इकडेतिकडे पाहिलं आणि अदलाबदल केली. साडू जुना माणूस, साहेबांच्या मर्जीतला. त्याच्या नंबरावर एखादी तक्रार खपून जाईल, आपली मात्र थेट मानेवर येईल, असा त्याचा हिशोब.

मग तळघरात बसून डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यानं लिहिलं: हवा नाही. धूळ फार. खोकून जीव जातो. एक्झॉस्ट पंखा बसवा.

पुढचा महिना त्याला सुखाचा घास गेला नाही. वरून फोन वाजला की दहा वेळा वाजू देऊन मगच तो उचलायचा. एके दिवशी साडूला साहेबांनी बोलावल्याचं कळलं. मेला बिचारा, माझ्या पापानं मेला, असं म्हणत फायलींचा गठ्ठा काखेत मारून तो दुसऱ्या मजल्यावर धावला.

तिथे वायरमन शिडीवर चढला होता. पाच उघड्या खिडक्यांच्या मधोमध भिंतीला भोक पाडून तो भलामोठा पंखा बसवत होता.

"हे काय?"

"विभाग चार. हवा नाही, धूळ, खोकला," वायरमननं खिशातली चिठ्ठी वाचून दाखवली. "विभाग नऊचंही काम असेल म्हणून विचारलं, तर तळघर म्हणे एकदम उत्तम."

आकडा माणसाचा नव्हता. विभागाचा होता. आणि विभाग नऊमध्ये माणूस एकच.

साडू साहेबांकडून परतला तो वैतागूनच. "तुमच्या विभागात कोण खोकतं, म्हणून विचारत होते! इथे आधीच वाऱ्यानं कागद उडतात. त्यात हा राक्षस! कुणी मागितला पंखा? सापडू दे, त्यालाच टांगतो त्याच्यावर."

दफ्तरीला खोकल्याची ढास आली. साडूनं त्याची पाठ चोळली, पाणी दिलं. "अरे, खोकला तुला आणि पंखा आम्हाला!"

तोंडाशी आलेलं दफ्तरीनं पाण्याबरोबर गिळलं.

"अहो, सांगून टाका," बायको घरी म्हणाली. "भावोजी चार शिव्या देतील, दुसरं काय?"

"शिव्यांचं काही नाही गं. पण ज्यानं पोटाला लावलं, त्याच्याच मानेवर सुरी ठेवली मी. कुठल्या तोंडानं सांगू?"

पुढच्या वर्षी कागद पुन्हा आला. मागे नऊ होता. 'सगळं उत्तम' असं आपण गेल्या वर्षी लिहिलंय, हे साहेबांच्या लक्षात असणार. आता उलटं लिहिलं तर चौकशी होईल, अदलाबदल उघडी पडेल. त्यानं उजव्या हातानं लिहिलं, सगळं उत्तम. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

दफ्तरी गेला तो धाकटीच्या लग्नानंतर सात महिन्यांनी, नऊ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी, छातीच्या आजारानं.