राखण

सव्वा वर्षात कुंताची कंबर वाकली म्हणून नाही. झाडू मारायचा तो बसून, चूल पेटवायची ती भिंतीला पाठ लावून. आता रोवणा तोंडावर आला होता, आणि धान काही ताठ उभ्यानं रोवता येत नाही. पण पाठीमागं मोकळी जागा राहिली की तिला तो श्वास ऐकू यायचा, गरम, अगदी मानेपाशी.

गेल्या वर्षीच्या चैतात मोहफुलं वेचताना तिची थोरली जाऊ रंभा वाघानं नेली होती. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं म्हणतात. म्हणून तर पाचजणी वेचत असल्या की एक उभी राहून राखण करते, आळीपाळीनं. हे तिकडच्या लेकरालाही ठाऊक असतं.

चिमूरहून आलेल्या साधनाबाईला तेवढं ठाऊक नव्हतं. बाई गुणाची, खोटं कशाला बोला. जंगलात ज्यांनी घरचं माणूस गमावलं त्यांच्यासाठी तिनं समाजमंदिरात व्यायामाचा वर्ग काढला. पण पहिल्याच दिवशी रांगेत उभं करून डोळे मिटा म्हणाली, वाका म्हणाली, आणि मागून येऊन कुंताच्या कमरेवर हात ठेवला. झालं! कुंता अशी किंचाळली की अर्धा वर्ग चपला टाकून पळाला.

दुसरी कोणी असती तर बायांनाच अडाणी ठरवून मोकळी झाली असती. साधना घरोघर फिरली, माझं चुकलं म्हणाली, तुम्हाला कसं जमेल ते सांगा म्हणाली. बुधरी म्हातारीनं सांगितलं. तेव्हापासून पाठी भिंतीला, डोळे उघडे, विचारल्याशिवाय कोणी कोणाला हात लावायचा नाही, आणि एकजण राखणीला उभी. हळूहळू बाया वाकू लागल्या, एकमेकींची थट्टाही करू लागल्या. कुंता तेवढी ताठच.

सहाव्या दिवशी राखणीची पाळी तिच्यावर आली. ती नको म्हणाली. साधनानं आग्रह केला नाही, पण बुधरीला कुठं राहवतं? समाजमंदिरात काय वाघ येणार आहे, असं म्हणून तिनं सगळ्यांना हसवलं. रंभाची पोर निशाही हसली. ते हसू पाहिलं आणि कुंताला आतलं आत ठेववेना.

"निशा, त्या दिवशी राखण माही होती," ती म्हणाली. "झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. मले मोह झाला, मी बी वाकली. तुही माय माह्या भरोशावर होती."

निशानं चपला घातल्या आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कुंता जाणार नव्हती. पण घरात एकटीनं तो श्वास ऐकत बसणं त्याहून वाईट, म्हणून गेली. आत जायचा धीर मात्र होईना. बाहेरच्या मोकळ्या जागेकडे पाठ करून उंबऱ्यातच उभी राहिली.

निशा आधीच आली होती. तिनं कुंताला पाहिलं, भिंत सोडली आणि सरळ खोलीच्या मधोमध येऊन कुंताकडे पाठ करून उभी राहिली.

"काकू, माह्याकडं पायजो," ती म्हणाली आणि वाकली.

कुंताच्या मानेपाशी श्वास आला, रोजच्यासारखा. पण पोर हात जमिनीला टेकवून पुन्हा उभी होईपर्यंत कुंतानं मागं वळून पाहिलं नाही.