पंधरापैकी पंधरा

सिस्टरची सकाळची पाळी दोनला संपली आणि तिथेच दुपारची सुरू झाली. बदलीवर येणारीने फोन करून ताप आल्याचं सांगितलं होतं. ताप खरा की खोटा, हे विचारण्याचंही त्राण सिस्टरमध्ये उरलं नव्हतं. पायांचे तर पार तुकडे पडले होते.

सात नंबरच्या खाटेवर रंगारीकाका होते. छत रंगवताना लाकडी घोडीवरून पडले आणि डोक्याला मार लागला. दर दोन तासांनी त्यांचं भान तपासायचं होतं. डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हातपाय हलवण्याचे सहा. सगळे मिळाले की पंधरा. बोलणं गोंधळलेलं वाटलं तर पाचाचे चार करायचे आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "असेच पंधरा राहिले तर परवा घरी." काकूंनी ते वाक्य अगदी गाठीशी बांधून ठेवलं होतं.

काका म्हणजे गुणी पेशंट. सिस्टर दिसली की काकू त्यांना हलवायच्या, चेहरा पुसायच्या, कानाशी वाकून म्हणायच्या, "अहो, सिस्टर आल्या बघा." मग नाव काय, कुठे आहात, आज वार कोणता. तिन्ही उत्तरं धडाधड यायची. आठला पंधरा, दहाला पंधरा, बाराला पंधरा, दोनलाही पंधरा. इतर खाटांवर नाकी नऊ येत असताना इथे दोन मिनिटांत सुटका व्हायची, आणि सिस्टरला तेवढंच हवं होतं.

चारच्या फेरीला तिचं डोकं इतकं जड झालं होतं की तिने शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात केली.

"काका, आज वार कोणता?"

काकांनी खणखणीत आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं.

सिस्टरला आधी हसूच आलं. "बरं, मग नाव काय?"

"दवाखान्यात."

"आणि आत्ता कुठे आहात?"

"मंगळवार," काका म्हणाले आणि शाबासकीची वाट बघत राहिले.

सिस्टरने बॅटरी काढून त्यांच्या डोळ्यांवर धरली. डावी बाहुली चटकन लहान झाली. उजवी मोठीच राहिली. धावत जाऊन तिने डॉक्टरांना आणलं.

डॉक्टरांनी डोळे बघितले, ऑपरेशनची खोली तयार ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "शेवटचे नीट कधी होते?"

"दोनला पंधरा होते," सिस्टर म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच खरा वाटेना.

"नव्हते हो," काकू म्हणाल्या. "सकाळी चहा दिला तर मलाच विचारलं, तुम्ही कोण. मला वाटलं, झोपेत आहेत. तुम्ही यायच्या आधी मीच घोकून घेत होते त्यांच्याकडून. एक चूक झाली तर घरी सोडणार नाहीत ना!"

"अहो काकू, ही काय शाळेची परीक्षा आहे?" सिस्टर ओरडलीच. मग तिची नजर तक्त्यावर गेली. आठपासूनचे ते चार पंधरा तिच्याच हातचे होते. काकूंनी पढवलं हे खरं, पण प्रश्नांचा क्रम एकदा तरी बदलून बघायला काय झालं होतं? तिला स्वतःची लाज वाटली. चारही आकड्यांवर तिने काट मारली, शेजारी 'पत्नीने पढवलेली उत्तरं' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"वाचतील ना हो?" काकूंनी विचारलं.

"उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले. "प्रयत्न करतो."

ट्रॉली आली. काकांना उचलून ठेवताना ते एकदम घाबरले. दिवे, अनोळखी माणसं, हाताला पट्टे. त्यांनी मान वळवून काकूंकडे बघितलं आणि लहान मुलासारखी हाक मारली, "आई!"

दिवसभर त्यांची एकेक चूक सुधारत आलेल्या काकूंचे ओठ हलले. सिस्टरला वाटलं, आता सांगणार, अहो, मी तुमची बायको.

काकूंनी त्यांच्या केसांतून हात फिरवला.

"हो रे बाळा," त्या म्हणाल्या, "इथेच आहे मी."