पलीकडून ओ

अनघाने लाल प्लास्टिकचं बुटकं स्टूल बाथरूमच्या फरशीवर ठेवलं, ते डुगडुगत नाही ना हे हाताने दाबून पाहिलं आणि ती गार्गीला म्हणाली,

"बस. कपड्यांवरच बस, आज नुसती तालीम."

तन्मय दाराशी चहाचे दोन कप घेऊन उभा होता. त्यातला निळा, टवका उडालेला कप अनघाचा. ती सिंगापूरच्या बुकित बातोक भागातला हा फ्लॅट सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला राहायला गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत तन्मयने तो कप ना वापरला होता, ना जागचा हलवला होता. आज सकाळी मात्र दोनदा घासला. दोन वर्षं एका बाजूने लोंबणारा हॉलचा पडदाही नीट लावला. अनघाने तो लावायला किती वेळा सांगितलं होतं, याचा हिशेब ठेवायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

दहा दिवसांनी बापलेक जपानला निघणार होते, नागानोच्या डोंगरात. दिवसभर स्कीइंग, आणि संध्याकाळी हॉटेलच्या ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या सामाईक हौदात, गारठलेलं अंग शेकत बसायचं. तीन वर्षांपूर्वी तिघं तिथेच गेले होते. तन्मय बर्फात सपशेल आडवा झाला होता आणि अनघा हसून हसून त्याच्या शेजारीच बसली होती. ते हसू त्याने जपून ठेवलं होतं. ती एकदा त्या बर्फात परत आली की घरीही परत येईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

निमित्तही आयतंच मिळालं. ओन्सेनमध्ये बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. तेव्हा सहा वर्षांची असलेली गार्गी आता नऊची झाली होती. बाथरूमचं दार आतून लावून घ्यायला लागली होती. तन्मयने अनघाला मेसेज केला, 'गार्गी बायकांच्या बाजूला एकटी कशी जाणार? तू आलीस तर...' पुढे त्याने टिंबं दिली. आपल्याला जे बोलता येत नाही ते टिंबं बोलतील असा या गृहस्थाला फार भरवसा. हॉटेलच्या बुकिंगमधलं तिसरं नावही त्याने काढलं नव्हतं.

अनघाचं उत्तर आलं, 'रविवारी येते.' आठवडाभर तो ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होता.

"आधी सगळं अंग बसूनच धुवायचं," अनघा सांगत होती. "उभं राहून पाणी उडवायचं नाही, शेजारच्या बाईच्या अंगावर जातं. साबण पूर्ण निघाला की स्टूलवर पाणी ओतायचं. पुढच्या माणसाला स्वच्छ मिळायला हवं."

"Aiyah, so many rules," गार्गी म्हणाली.

"आजीकडे पुण्याला बादली घेऊन बसतेस ना? तसंच. हा छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. डोक्यावर ठेवायचा."

गार्गीने टॉवेल डोक्यावर ठेवून मान ताठ केली. तन्मय हसला. अनघाही हसली. तेवढ्याने त्याला धीर आला.

"एवढं सगळं आत्ताच कशाला?" तो म्हणाला. "तिथे गेल्यावर तू दाखवशीलच की."

गार्गीचे केस पाण्यात जाऊ नयेत म्हणून अनघाने त्यांचा अंबाडा बांधला होता; तिचा हात तिथेच थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. मग तिने बांधलेला अंबाडा सोडला आणि रबर गार्गीच्या हातात दिलं.

"आता तू बांध. तुझं तुला जमलं पाहिजे."

गार्गी बांधू लागली. एकदा सुटला, दुसऱ्यांदा कलला, तिसऱ्यांदा बसला. चहावर साय धरली होती. तन्मयला सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. दोन्ही हातांत कप असल्यामुळे त्याला भिंतीचाही आधार घेता येईना.

"Then you where, आई?" गार्गीने विचारलं.

"मी इथेच, सिंगापूरला. मला फोटो पाठव."

"आणि मला आत भीती वाटली तर?"

"भिंतीपलीकडे बाबा असतो. भिंत वरून उघडी असते. हाक मार, तो ओ देईल." अनघाने पहिल्यांदाच तन्मयकडे पाहिलं. "देशील ना?"

"म्हणजे काय! देणारच."

"मागच्या वेळी मी तीनदा हाक मारली होती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हिला वाफेने गरगरत होतं. शेवटी दोन जपानी आज्यांनी हिला उचलून बाहेर आणलं."

तन्मयला आठवलं. तेव्हा तो कपडे बदलायच्या खोलीत, कमरेला टॉवेल गुंडाळून, ऑफिसच्या फोनवर होता. जेमतेम वीस मिनिटं. कुणाला कळलंही नाही, असं तो तीन वर्षं समजत आला होता.

"तू बोलली नाहीस कधी."

"बोलले होते, तन्मय. त्याच रात्री, जेवताना."

तिने हात पुसले, गार्गीच्या कपाळावर ओठ टेकले आणि पर्स खांद्याला लावली. चहा तसाच राहिला.

"आता दार लावून खरी आंघोळ कर," ती लेकीला म्हणाली. "सगळं एकटीने. मी निघते."

बाथरूमचं दार लागलं. नळ सुरू झाला. समोर घराच्या दारात अनघा एका हाताने चौकटीला धरून चपलेचा पट्टा लावत होती. चार पावलांचं अंतर. तन्मयने कप खाली ठेवले. आता तरी टिंबं सोडून सरळ बोलायचं, म्हणून त्याने एक पाऊल टाकलंही.

"बाबा!" आतून हाक आली.

अनघाचा हात पट्ट्यावरच थांबला. ती वाकलेलीच राहिली, ऐकत.

तन्मय वळला. बाथरूमच्या दाराला कपाळ टेकून उभा राहिला.

"ओ," तो म्हणाला.

"Louder lah! भिंत मोठी असते!"

"ओ!"

मागे घराचं जाळीचं दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज झाला. तो तिथून हलला नाही. आत पाणी वाहत होतं आणि पुन्हा हाक येणार होती.