शिडी चढलेला मोर

मित्रांनो, जुनी छत्री, जुनी सायकल, जुना कंदील या सगळ्यांनी आपापल्या कहाण्या तुम्हाला सांगितल्या असतील. आता या जुन्या मोराची ऐका. मी मुंबईच्या आरे कॉलनीत राहतो. माझी मान निळी आहे, डोक्यावर तुरा आहे आणि मागे हा एवढा पिसारा आहे. पाय मात्र काटकुळे आणि खरबरीत आहेत. ते बघून मोर रडतो, असं लोक म्हणतात. काहीतरीच! त्याच पायांनी वारूळ उकरून मी वाळवी खातो. रडेन कशाला?

आम्ही मोर झोपतो झाडावर, पण आमच्या आया अंडी घालतात खाली गवतात. गुरांसाठी गवत कापताना शेवंती नावाच्या बाईच्या विळ्यापुढे माझ्या आईचं घरटं आलं. आई भिऊन उडाली. शेवंती लांब जाऊन बसली, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, पण आई काही परतली नाही. तेवढ्यात मुंगसाने बाकीची अंडी फोडली. उरलेलं एक शेवंतीने पदरात बांधून घरी आणलं. तो मी!

शेवंती मालवणकडची. तिचा नवरा सहदेव गोठ्यावर म्हशींचं दूध काढायचा. त्यांच्या खोलीमागे खुराडं होतं आणि त्यात कवडी नावाची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. शेवंतीने तिच्या पोटाखाली माझंही अंडं सरकवलं. पण कोंबडीची पिल्लं तीन आठवड्यांत बाहेर येतात, आम्हाला चार लागतात. हे त्या घरात कोणाला ठाऊक असणार? आपली पिल्लं निघाली तशी कवडी उठली आणि त्यांना घेऊन चालती झाली. मी तसाच मागे राहिलो.

"टाकून दी ता अंडा. निवला ता," सहदेव म्हणाला.

शेवंतीने अंडं कानाला लावलं. "आत कायतरी हालता," ती म्हणाली आणि तिने मला आपल्या ओटीत खोचलं. पाणी भरताना, भाकऱ्या थापताना मी तिच्या पोटाशी. शेजारच्या द्रौपदीला तर हसूच आवरेना. "काय गं शेवंते, आता तूच खुडूक बसलीस वाटतं?" पण त्याच उबेत एका सकाळी मी कवच फोडलं. म्हणून मी आई म्हणतो ती शेवंतीला.

कवडीने मला नाही म्हटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिच्या मागे फिरून मी दाणे टिपायला, टोळ धरायला शिकलो. सरडासुद्धा गिळला एकदा, तेव्हा कवडी आठवडाभर माझ्याकडे संशयाने बघत होती. तिसऱ्या वर्षी पिसारा फुटला. मी तो उभारून, थरथरवून कोंबड्यांपुढे नाचलो. एकीनेही ढुंकून पाहिलं नाही! मग दुधाच्या चकचकीत कॅनपुढे नाचलो. त्यात दिसणाऱ्या मोराने मात्र चांगली दाद दिली.

खोट एकच होती. मी झोपायचो कोंबडीसारखा. खुराड्यात मावेनासा झालो तसा त्याच्या छपरावर बसू लागलो, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. आणि त्या वर्षी बिबट्या वस्तीत येऊ लागला. आधी द्रौपदीचा कुत्रा गेला. मग एका सकाळी खुराड्याची फळी मोडलेली होती आणि कवडी नव्हती. मी भीतीने छपराच्या कोपऱ्यात चिकटून बसलो होतो. नशीब म्हणून वाचलो.

शेवंतीने मला खोलीत घेतलं. झालं, मी वळलो की भांडी पडायची, पिसं मोडायची. "रानात सोड ह्येका," सहदेव वैतागला.

"रानात जावन काय करतलो? झाडार चडाक खंय येता तेका? कोंबडेन वाढवलेलो तो."

सहदेवने अंगणातल्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तर मगे शिकवया."

आणि मित्रांनो, या दोघांनी मला काय शिकवावं! त्या शिरीषाच्या झाडाला गोठ्यातली बांबूची शिडी लावली. संध्याकाळ झाली की शेवंती एकेका पायरीवर शेंगदाणे ठेवायची आणि मी कचेरीत चाललेल्या साहेबासारखा तोऱ्यात वर चढायचो. गोठ्यावरचे गडी पोट धरून हसायचे. द्रौपदी म्हणाली, "मोराला शिडी? ऐकावं ते नवलच!" पण रोज दाणे एक पायरी वर सरकत होते. शेवटी मी फांदीवर झोपू लागलो.

मग त्यांनी शिडी काढून घेतली.

त्या संध्याकाळी मी झाडाखाली घिरट्या घातल्या, ओरडलो, खोलीच्या दारावर चोच आपटली. दार लावलेलं होतं. आतून आवाज येत होते.

"उघड गे. कसो ओरडता बघ."

"नाय."

"रडतंस कित्याक मगे?"

"रडांदे. दार नाय उघडूचंय."

काळोख दाटायला लागला. मला फळी मोडल्याचा तो आवाज आठवला. दारापासून मी धावत सुटलो, पंख झाडले, जीव खाऊन झाडले, आणि फांदी पायांत आली. तेवढ्यात दार उघडलं. शेवंतीने वर पाहिलं. "चडलंस काय रे?"

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की म्हशी उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या झाडाच्या बुंध्याभोवती बिबट्याच्या पावलांचे ठसे होते.

त्या उंचीवरून मला पहिल्यांदा डोंगराकडच्या मोरांचे आवाज ऐकू आले. मी जायला लागलो, आधी थोडा वेळ, मग कायमचाच. तिकडे लांडोरी होत्या, आणि त्या ढुंकून पाहायच्या! पण दिवेलागणीला शेवंती अंगणातून हाक मारायची, "चडलंस काय रे?" आणि मी असेन तिथून ओरडायचो. मगच ती खुराडं लावायची.

पुढे सहदेवची नोकरी संपली आणि दोघं गावी गेली. जायच्या आदल्या संध्याकाळीही तिने विचारलं. मी उत्तर दिलं. त्यानंतर विचारायला कोणी नाही.

मित्रांनो, गवत कापण्याआधी जरा घरटं बघत जा. पिसं आमची पावसाळ्यानंतर आपणच झडतात. ती खुशाल घ्या, उपटू मात्र नका. बसच्या खिडकीतून आमच्यापुढे पाव टाकू नका. कुणाला जीव लावलात तर त्याला त्याचं झाड मिळेपर्यंत लावा.

आणि आरेच्या रस्त्याने संध्याकाळी जाताना मोर ओरडलेला ऐकलात, तर पाऊस येणार म्हणून छत्री शोधू नका. तो मी असेन. रोज वर बसलो की मी कोकणाच्या दिशेला तोंड करून सांगतो, चडलंय गो आये, चडलंय.