चौदा किलो कंपनीचं

उद्यमनगरातल्या कारखान्यात अक्काताई कुंभोजकरच्या अंगात कंपनीचं चौदा किलो लोखंड निघालं. कामाचा शेवटचा दिवस, भर दुपार, गेटवरचा वजनकाटा. काटा खोटं बोलत नाही म्हणतात. आणि बोलला तरी त्याला विचारणार कोण?

आता लोखंड अंगात शिरलं, यात नवल ते काय! एकतीस वर्षं बाई भट्टीवर. पेटीत गिअर मांडायचे, भोवती कोळशाची पूड दाबायची, झाकणाच्या फटी मातीनं लिंपायच्या, मग लालभडक तापवायचं. कोळसा कणाकणानं लोखंडात शिरतो आणि वरची कातडी टणक होते. तापलं की एकातलं दुसऱ्यात शिरतं; शेजारी बाई उभी असली तर तिला कोण वगळतंय?

"पेटीत बसा, अक्काताई. आठ तास तापवलं की आमचं आम्हाला मिळेल," हुलवळे मॅनेजर म्हणाले.

पेटी तिच्याच मापाची होती. लिंपायची माती सकाळी तिनंच मळली होती, गिअरसाठी समजून.

अक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आन् माझं जे तुमच्या भट्टीत शिरलंय, साहेब? पोरगी पंधरा दिसांची हुती तवा मी हितं उभी हुते. पदर भिजायचा न् भट्टी प्यायची. एकाच अंगानं शिरतं व्हय कधी? आधी माझं द्या!"

"त्याची नोंद नाही," मॅनेजर म्हणाले, आणि त्यांनी गेटला कुलूप घालायला लावलं.

बाई गेली ती थेट गेटला कपाळ लावून उभी राहिली. रागानं तापलेलीच होती. गेटचा पत्रा कपाळाशी लाल झाला. तिनं घाई केली नाही. तापल्या लोखंडात मोकळी जागा कुठं असते, हे तिच्याइतकं ठाऊक होतं कुणाला? एक कण सरकला, त्याची जागा दुसऱ्यानं धरली. कपाळ आत गेलं, तसे मॅनेजर धावत आले आणि त्यांनी तिच्या टाचा धरल्या.

"अक्काताई, मागं फिरा की," वॉचमन पिराजी रडकुंडीला आला. "लई दिस लागतील वो."

"लागू देत. घरला जाणार तर सगळीच्या सगळी जाणार."

पाचव्या दिवशी रस्त्याच्या बाजूनं पत्र्यातून एक ताठ नाक बाहेर आलं आणि त्यानं पोटभर श्वास घेतला. आतल्या बाजूला मॅनेजर अजून तिच्या टाचा धरून बसले होते. त्यांची बोटं कुठं संपतात आणि टाच कुठं सुरू होते, ते आता दिसत नव्हतं.